सोसायटीच्या मेलला शिस्त लावताना: नव्या सचिवांसाठी जीमेल फिल्टर

पदभार घेतला त्या दिवशी मला कपाटाच्या किल्ल्या मिळाल्या, शिक्का मिळाला, इतिवृत्ताचे पुस्तक मिळाले आणि एका चिठ्ठीवर सोसायटीच्या जीमेल खात्याचा पासवर्ड मिळाला. आमची सोसायटी डोंबिवलीत, चार विंग, ९६ सदनिका. घरी येऊन खाते उघडले तर न वाचलेले मेल चार हजारांच्या वर. लिफ्टच्या देखभाल कराराची आठवण, वीजबिले, बँकेचे जमा-खर्चाचे संदेश, गळतीच्या तक्रारी, पेस्ट कंट्रोलच्या जाहिराती आणि या सगळ्याच्या मधोमध उपनिबंधक कार्यालयाचे एक पत्र. तीन आठवड्यांपूर्वी आलेले, कोणीही न उघडलेले.

त्यानंतरचे तीन रविवार मी फिल्टर लावण्यात घालवले. चुका केल्या, त्यातली एक सोसायटीला महागात पडली, आणि शेवटी जी मांडणी बसली ती आज दोन वर्षे चालते आहे. तुम्ही नुकतेच सचिव किंवा खजिनदार झाला असाल तर माझे तीन रविवार तुमच्या एका दुपारीत बसावेत, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

फिल्टर म्हणजे जीमेलला दिलेली कायमची सूचना: अमुक प्रकारचा मेल आला की तमुक कर. सूचना एकदाच द्यायची, मग ती दिवसरात्र पाळली जाते. ती चुकीची असली तरी तितक्याच इमानाने पाळली जाते, आणि कोणी सांगायला येत नाही. म्हणून पुढे सगळीकडे एकच क्रम पाळा. आधी मेलवर फक्त खूण करायची, आठवडाभर पाहायचे, आणि खात्री पटल्यावरच तो इनबॉक्समधून हलवायचा.

जवळ काय हवे

• संगणक किंवा लॅपटॉप. जीमेलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये फिल्टर बनवता येत नाही. एकदा बनवलेला फिल्टर मात्र फोनवरही लागू असतो.
• खात्याचा पासवर्ड, आणि दुहेरी पडताळणीचा कोड ज्या फोनवर जातो तो फोन. बहुतेक ठिकाणी तो जुन्या सचिवांचा नंबर असतो. फिल्टरला हात लावण्यापूर्वी तो नंबर आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला पर्यायी ई-मेल, दोन्ही बदलून घ्या.
• एक वही. प्रत्येक फिल्टर कशासाठी लावला, कोणत्या तारखेला लावला, हे लिहायला.
• सोसायटीशी पत्रव्यवहार करणाऱ्यांची यादी: बँक, वीज कंपनी, महापालिका, उपनिबंधक, लेखापरीक्षक, लिफ्टवाले, सुरक्षारक्षक पुरवणारी संस्था, टँकरवाले.

पुढे मी बटणांची इंग्रजी नावेच देवनागरीत लिहिली आहेत. तुमचे जीमेल मराठीत असेल तर नावे वेगळी दिसतील, जागा त्याच.

१. आधी जुन्या सूचना शोधा

नवीन फिल्टर लावण्याची घाई करू नका. उजवीकडे वरच्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर क्लिक करा, ‘सी ऑल सेटिंग्ज’ उघडा आणि ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस’ या भागात जा. पूर्वीच्या समितीने लावलेले फिल्टर तिथे दिसतील. त्यांच्या खालीच अडवलेल्या पत्त्यांची यादी असते, तीही वाचा. आमच्याकडे एका सभासदाचा पत्ता अडवलेला निघाला. त्यांचे मेल थेट स्पॅममध्ये जात होते आणि ते बिचारे उत्तर येत नाही म्हणून दर महिन्याला पुन्हा लिहीत होते.

मग शेजारचा ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’ हा भाग पाहा. येणारा प्रत्येक मेल दुसऱ्या कुठल्या पत्त्यावर पाठवला जातो आहे का? पायउतार झालेल्या पदाधिकाऱ्याच्या खासगी पत्त्यावर सोसायटीची बँकेची माहिती वर्षानुवर्षे जात राहणे ही काल्पनिक गोष्ट नाही. त्यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही, पण थांबवायलाच हवे. अनोळखी पत्ता दिसला तर मात्र गोष्ट वेगळी. खाते हॅक करणारे लोक अनेकदा असाच एक फिल्टर मागे ठेवून जातात, आणि नुसता पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर चालूच राहतो. तो काढून टाका, पासवर्ड बदला आणि इतर उपकरणांवर उघडे राहिलेले खाते साइन आउट करा.

२. लेबले ठरवा, मोजकीच

जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबले असतात. फोल्डर म्हणजे कपाटातला कप्पा, कागद एकाच कप्प्यात राहणार. लेबल म्हणजे कागदाला लावलेली चिठ्ठी, एकाच कागदाला दोन-तीन लावता येतात. लिफ्ट दुरुस्तीचे बिल ‘लिफ्ट’ मध्येही दिसेल आणि ‘बिले’ मध्येही, मेल मात्र एकच.

मी पहिल्या उत्साहात २३ लेबले केली होती. कोणालाच ती लक्षात राहीनात. आता सात आहेत:

१ सरकारी
२ बँक
३ तक्रारी
४ पावत्या
५ बिले
६ कंत्राटे
७ जाहिराती

आधी आकडा घातला की डावीकडच्या यादीत ती याच क्रमाने लागतात. लेबलाचे नाव मराठीत चालते, रंगही देता येतो. सरकारीला लाल दिला आहे.

३. पहिला फिल्टर: जे हुकता कामा नये

बहुतेक जण जाहिराती हाकलण्यापासून सुरुवात करतात. मीही तसेच केले होते. आधी महत्त्वाचे मेल सुरक्षित करा.

वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचे छोटे चिन्ह आहे. त्यावर क्लिक केले की एक तक्ता उघडतो: ‘फ्रॉम’, ‘टू’, ‘सब्जेक्ट’, ‘हॅज द वर्ड्स’, ‘डझन्ट हॅव’, आकार, तारीख, जोडपत्र आहे की नाही. ‘फ्रॉम’ मध्ये उपनिबंधक कार्यालयाचा, महापालिकेचा, लेखापरीक्षकांचा पत्ता लिहा. एकाहून जास्त पत्ते असतील तर मध्ये ‘ओआर’ हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत. छोट्या अक्षरांत लिहिलात तर तो साधा शब्द समजला जातो आणि फिल्टर गप्प बसतो.

आता सर्वांत मोलाची सवय. ‘क्रिएट फिल्टर’ दाबण्याआधी शेजारचे ‘सर्च’ दाबा. हा फिल्टर आधीपासून असता तर कोणते जुने मेल त्यात सापडले असते, ते समोर येते. यादी बरोबर वाटली तर पुन्हा तो तक्ता उघडा आणि ‘क्रिएट फिल्टर’ दाबा. या एका मिनिटाने निम्म्याहून जास्त चुका जागीच कळतात.

पुढच्या चौकोनांत खुणा करायच्या: ‘स्टार इट’, ‘अप्लाय द लेबल’ मध्ये ‘१ सरकारी’, आणि ‘ऑलवेज मार्क इट अ‍ॅज इम्पॉर्टंट’. ‘स्किप द इनबॉक्स’ ला इथे अजिबात हात लावू नका. हे मेल डोळ्यांसमोरच राहिले पाहिजेत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तिची नोटीस १४ दिवस आधी निघावी लागते, आणि लेखापरीक्षकांच्या शंका त्याही आधी मिटवाव्या लागतात. एक मेल दहा दिवस झोपून राहिला तर पुढचे सगळे वेळापत्रक ढासळते.

‘नेव्हर सेंड इट टु स्पॅम’ हा चौकोन मोहात पाडतो. तो फक्त पूर्ण पत्ता लिहिलेल्या फिल्टरलाच लावा. ‘फ्रॉम’ मध्ये नुसते बँकेचे नाव लिहिले तर जीमेल पाठवणाऱ्याचे दर्शनी नावही जुळवते, आणि दर्शनी नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. म्हणजे बँकेचे नाव लावून आलेल्या ठगाला तुम्हीच स्पॅमचा पहारा उठवून आत घेतलेत. बँकेच्या फिल्टरला मी हा चौकोन लावतच नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा स्पॅम उघडून पाहते. तिथले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात, तेवढी मुदत पुरेशी आहे.

बँकेबाबत आणखी एक. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यांवर नेण्यास सांगितले होते. तुमच्या बँकेचा मेल पाठवण्याचा पत्ताही त्यासोबत बदललेला असू शकतो. जुना फिल्टर लावलेला असेल तर ताज्या मेलमधला पत्ता उघडून ताडून पाहा.

४. सभासदांचे मेल: प्लसची युक्ती

इथे मी सर्वांत जास्त अडले. ९६ सदनिकांचे सभासद, काहींचे मेल मुलाच्या खात्यावरून, काहींचे ऑफिसच्या पत्त्यावरून, काही भाडेकरूंचे. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून फिल्टर लावणे अशक्य. विषयात सदनिका क्रमांक लिहा अशी विनंती केली, दोन महिन्यांत सगळे विसरले.

उपाय जीमेलमध्येच आहे. आपल्या पत्त्यात ‘अ‍ॅट’ च्या चिन्हाआधी प्लसचे चिन्ह आणि पुढे कोणताही इंग्रजी अक्षरांतला शब्द घातला तरी मेल त्याच खात्यात येतो. वेगळे खाते काढावे लागत नाही, कुठे नोंद करावी लागत नाही. आम्ही सोसायटीच्या नावापुढे प्लस आणि ‘तक्रार’, तसेच प्लस आणि ‘पावती’ असे दोन पत्ते तयार केले. सूचना फलकावर लावले, मेंटेनन्सच्या बिलाच्या तळाशी छापले आणि क्यूआर कोड करून लिफ्टमध्ये चिकटवले. कोड स्कॅन केला की योग्य पत्ता भरलेला मेलच उघडतो, त्यामुळे आजी-आजोबांनाही टंकलेखन करावे लागत नाही.

मग फिल्टर सोपा. ‘टू’ मध्ये तो प्लसवाला पत्ता, लेबल ‘३ तक्रारी’. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पावतीच्या पत्त्यावर येतो, त्याला ‘४ पावत्या’. बिल पाठवणाऱ्या कंपन्यांनाही वेगळा प्लस पत्ता द्यायचा विचार असेल तर सांभाळा, काही संकेतस्थळांचे अर्ज पत्त्यातले प्लस स्वीकारत नाहीत.

पावत्यांना आम्ही आठवडाभर पाहून नंतर ‘स्किप द इनबॉक्स’ लावले. तक्रारींना अजूनही लावलेले नाही. माणसाने लिहिलेला मेल माणसाच्या नजरेसमोर आला पाहिजे, असे माझे मत आहे.

५. शब्दांवरचे फिल्टर, आणि मराठीची अडचण

आता ती महाग चूक. जाहिरातींनी इनबॉक्स भरला होता, म्हणून मी ‘हॅज द वर्ड्स’ मध्ये ‘ऑफर’ हा इंग्रजी शब्द लिहिला, ‘स्किप द इनबॉक्स’ आणि ‘मार्क अ‍ॅज रीड’ या दोन्हींवर खूण केली आणि निश्चिंत झाले. त्याच महिन्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आम्ही तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली होती. तिसऱ्या कंत्राटदाराने वेळेत मेल पाठवला होता, विषय होता ‘गच्चीच्या कामासाठी आमची ऑफर’. तो मेल इनबॉक्समध्ये आला नाही आणि वाचलेला म्हणून नोंदला गेल्याने ठळकही दिसला नाही. समितीने दोन दरपत्रकांवर निर्णय घेतला. तिसरे नंतर सापडले, आणि त्यातला दर सर्वांत कमी होता. पुढच्या सभेत मी ते सगळ्यांना सांगितले आणि त्या रात्री तो फिल्टर काढला.

तेव्हापासूनचे माझे नियम असे. एकट्या शब्दावर मेल हलवायचा नाही. शब्दाबरोबर पाठवणाऱ्याचा पत्ता तरी हवा, नाहीतर ‘डझन्ट हॅव’ मध्ये वगळायचे शब्द तरी हवेत. ‘स्किप द इनबॉक्स’ आणि ‘मार्क अ‍ॅज रीड’ या दोन खुणा एकत्र करायच्या नाहीत, त्याने मेल असून नसल्यासारखा होतो. आणि ‘डिलीट इट’ कधीच नाही. स्किप केलेला मेल ‘ऑल मेल’ मध्ये शोधला की सापडतो, डिलीट केलेला ट्रॅशमध्ये जातो आणि ३० दिवसांनी कायमचा जातो.

मराठी मेलची आणखी एक गंमत आहे, ती इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सापडत नाही. जीमेल शब्दाचा तुकडा जुळवत नाही, अख्खा शब्द जुळवते. आपण मात्र प्रत्यय शब्दालाच जोडून लिहितो. ‘गळती’ वर फिल्टर लावला आणि सभासदाने ‘गळतीमुळे भिंत भिजली’ असे लिहिले तर तो सापडेल यावर विसंबू नका. ‘पाणी’ लिहिले तर ‘पाण्याची टाकी’ निसटते, कारण शब्दाचे रूपच बदलते. म्हणून चार-पाच रूपे लिहावी लागतात: गळती, गळतीमुळे, गळतीची, गळतीबाबत, शिवाय ‘लीकेज’ इंग्रजी अक्षरांत, आणि रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांसाठी ‘गळती’ ची दोन स्पेलिंग. प्रत्येकाच्या मध्ये मोठ्या अक्षरांतले ‘ओआर’. एवढे करूनही चार सुटतातच. म्हणून तक्रारींसाठी प्लसचा पत्ता हाच मुख्य मार्ग, शब्दांचा फिल्टर त्याच्या मदतीला.

चौकटी कंस, रुपयाचे चिन्ह, हॅश असली चिन्हे शोधात धरली जात नाहीत, त्यांच्यावर भिस्त ठेवून फिल्टर लावू नका.

६. जाहिराती

आधी सदस्यत्व रद्द करून पाहा. मेलच्या वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ दिसते. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांनी एका क्लिकवर नाव काढण्याची सोय द्यावी, असे जीमेलने २०२४ पासून बंधनकारक केले आहे. ओळखीच्या कंपनीसाठी ते वापरा. अनोळखी, संशयास्पद मेलच्या आतली ‘इथे क्लिक करा’ हा दुवा दाबू नका, त्याला सरळ स्पॅम म्हणा.

जे उरतील त्यांच्यापैकी एखादा मेल उघडा, तीन ठिपक्यांवर क्लिक करा आणि ‘फिल्टर मेसेजेस लाइक दीज’ निवडा. पत्ता आपोआप भरलेला येतो. लेबल ‘७ जाहिराती’, आठवड्याने ‘स्किप द इनबॉक्स’. पुढच्या वेळी रंगकाम काढायचे ठरले की हेच लेबल उघडून जुन्या रंगाच्या कंपन्या बघता येतात.

शेवटच्या पायरीवर ‘ऑल्सो अप्लाय फिल्टर टु मॅचिंग कॉन्व्हर्सेशन्स’ असा चौकोन असतो. त्यावर खूण केली की जुन्या मेललाही तीच सूचना लागू होते. लेबलासाठी छान, माझे चार हजार मेल त्यानेच एका बैठकीत लागले. इनबॉक्समधून हलवणाऱ्या फिल्टरला मात्र तो लावण्याआधी सापडलेल्या मेलची यादी खालपर्यंत वाचा.

७. दोन फिल्टर एकमेकांवर आदळले तर

जीमेलमध्ये फिल्टरांचा वरचा-खालचा असा मान नाही. जितके फिल्टर एखाद्या मेलला जुळतात, तितक्या सगळ्यांच्या सूचना लागू होतात. म्हणजे सरकारी मेलला तारा लागेल, आणि त्यात जाहिरातीच्या फिल्टरमधला शब्द असला तर तो इनबॉक्समधून बाहेरही जाईल. ताऱ्याने तो वाचत नाही. म्हणून हलवणाऱ्या प्रत्येक फिल्टरमध्ये महत्त्वाच्या पाठवणाऱ्यांना वगळायला हवे. आउटलुक वापरत असाल तर तिथे नियम क्रमाने चालतात आणि ‘पुढचे नियम थांबवा’ असे सांगता येते. ती सोय इथे आहे असे समजून चालू नका.

८. खजिनदारांना त्यांचे मेल

‘फॉरवर्डिंग’ च्या भागात खजिनदारांचा पत्ता जोडा. त्यांच्याकडे पडताळणीचा मेल जाईल, त्यांनी होकार दिल्यावरच तो पत्ता फिल्टरमध्ये निवडता येतो. मग बँकेच्या फिल्टरमध्ये ‘फॉरवर्ड इट टु’. हे फक्त यापुढे येणाऱ्या मेलना लागू होते, जुने जात नाहीत.

तीन-चार जणांनी एकच खाते पाहायचे असेल तर पासवर्ड वाटू नका. ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’ मध्ये ‘ग्रँट अ‍ॅक्सेस टु युवर अकाउंट’ आहे. त्याने दुसरी व्यक्ती स्वतःच्या खात्यातून सोसायटीचे मेल वाचू शकते, उत्तर देऊ शकते. कार्यकाळ संपला की तिचे नाव काढले, काम झाले.

९. फोनवरची सूचना

‘स्किप द इनबॉक्स’ लावलेल्या मेलची घंटी फोनवर वाजत नाही. हे न कळल्याने अनेकांना वाटते की मेल येणेच बंद झाले. अँड्रॉइडवर जीमेल अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये खाते निवडा, ‘मॅनेज लेबल्स’ मध्ये हवे ते लेबल उघडा, आधी मेल सिंक करणे चालू करा आणि मग ‘लेबल नोटिफिकेशन्स’. आमच्याकडे सरकारी आणि तक्रारी या दोनच लेबलांना घंटी आहे.

१०. दर तिमाहीला अर्धा तास

वही उघडा, फिल्टरांची यादी उघडा, ताडून पाहा. लिफ्टचा करार दुसऱ्या कंपनीकडे गेला असेल तर जुना पत्ता काढा. ‘जाहिराती’ लेबलातले शेवटचे ५० मेल नजरेखालून घाला, चुकून अडकलेला एखादा सापडतोच. फिल्टर काढून टाकला तरी आधी लावलेली लेबले तशीच राहतात, ती हाताने काढावी लागतात. खात्याची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. ती भरली की नवे मेल येणे थांबते, म्हणून तेही पाहा.

आणि समिती बदलायच्या आधी: फिल्टरांच्या यादीत सगळ्यांवर खूण करून खाली ‘एक्सपोर्ट’ दाबा. एक छोटी फाइल उतरते, ती त्याच पानावरच्या ‘इम्पोर्ट फिल्टर्स’ ने दुसऱ्या खात्यातही चढवता येते. ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, वहीबरोबर कपाटात ठेवा, आणि पदभार हस्तांतराच्या यादीत शिक्का व किल्ल्यांच्या खालच्या ओळीत तिची नोंद करा.